ओट्याखालची सोलर बॅटरी

मंडळी, आत्ताच लिहिते. उद्यापर्यंत राग निवायला नको.

आज दुपारी पाथर्डी फाट्याला दादाकडे जेवायला गेले होते. वहिनी पोळ्या करत होती आणि अचानक रबर जळल्यासारखा वास यायला लागला. ओट्याखालचं कपाट उघडलं तर धूर! आत सोलरची बॅटरी, तिची वायर वितळलेली, प्लायवूड काळं पडलेलं. आणि शेजारी चक्क गॅस सिलेंडर!

वहिनीने गॅस बंद केला, दादाने मेन आणि सोलरचा, दोन्ही स्विच बंद केले. मी सिलेंडर ओढत अंगणात नेलं. थोडक्यात वाचलो.

सोलरवाल्याने बॅटरी बाहेरच्या भिंतीवर, सावलीत, मोकळ्या हवेत बसवली होती. मग वास्तुवाले आले. "ही ईशान्य आहे. विजेची वस्तू आग्नेयेलाच हवी." आग्नेयेला स्वयंपाकघर! दादाने गल्लीतल्या वायरमनकडून ती ओट्याखाली कोंबून घेतली. वायर पुरेना म्हणून मध्ये जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळली आणि वर सनमायकाचं दार. हवा जायला फटसुद्धा नाही.

आता कहर ऐका. धूर गेल्यावर दादाने पहिला फोन वास्तुवाल्याला केला! तो म्हणतो, "कोपरा बरोबर आहे, फक्त जरा डावीकडे सरकवा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीच म्हणाली, "रोज दोन वेळा तिथे मी उभी असते. माझ्या पायाशी ती ठेवायची का, हे मला कोणी विचारलं?"

दादाने फोन ठेवला आणि सोलरवाल्याला लावला.

तुमच्या घरातली बॅटरी कुठे आहे? आणि तिच्याजवळ रोज कोण उभं असतं?