पुढचा भाग

मोहाडीच्या शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन होतं, तिथं एका टेबलावर मला बसवलं होतं. बसायचं आणि बोलायचं, एवढंच काम. ते मला जमतं. एक पांढऱ्या केसांची बाई आली. मागे पिशवी धरून तिचा भाऊ, त्याचेही केस पिकलेले. डाउन सिंड्रोम असलेल्या भावाची गोष्ट बहीण सांगते, असं एक चित्रांचं पुस्तक होतं. भावाकडे एकदा बघून तिनं ते उचललं आणि बोटाला थुंकी लावत उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

"बाई, ते लहान लेकरांचं आहे," मी म्हटलं.

"दिसून राहिलं न मले. याचा पुढचा भाग हाय का? भाऊ बुढा झाल्यावरचा?"

"नाही हो. इथंच संपते."

"आमचं नाही संपलं न. मायबाप गेले. मी गेल्यावर हा काय खाईन, थे कोणी लिवलं असन म्हणून पाहिलं." पुस्तक तिनं होतं तिथं नीट ठेवलं. "भात शिकवला याले. वरण राहिलं."

"वरण येते मले," भाऊ म्हणाला. "मीठच जास्त होते."

"म्हणून तं मी मराची थांबली आहो," ती म्हणाली, आणि दोघं बाजाराकडे गेले.