जर्सीतला दादा

पंढरी बेचाळिशीचा झाला, तरी गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन तोच. बरोबरीच्यांचं खेळणं कधीच सुटलं होतं. पंढरी मात्र मिशीला कलप लावून विशीतल्या पोरांत उभा राही. बाप गेल्यावर भीमपूरजवळचं शेत आई सोनाबाईनं आणि बायको पूनमनं सांभाळलं. पंढरी घरात बसला की त्याचा पाय सारखा हलत राहायचा.

त्या रविवारी धाकट्या बहिणीला, रूपालीला पाहायला भैंसा गावचे पाहुणे यायचे होते. "पाहुन्यायच्या आंधी येतोच," म्हणून तो सकाळीच मैदानावर गेला. फायनल होती. पूनमचा फोन वाजला, त्यानं तो कापला.

घरी पोचला तेव्हा बैठक भरली होती. याच्या अंगात मातीनं माखलेली जर्सी.

"हे कोन, धाकटे का?" मुलाच्या वडिलांनी, उत्तमरावांनी विचारलं.

"थोरला दादा हाय माहा," रूपालीच बोलली.

उत्तमराव गडबडले. "मंग बसा ना! तुमच्याशीच बोलाचं व्हतं. लग्न फेब्रुवारीत उरकू म्हन्तो. जमते का?"

पंढरीनं पूनमकडे पाहिलं.

"मार्चमंदी परीक्षा हाय तिची," पूनम म्हणाली. "त्याच्यानंतर करू."

पाहुण्यांना पटलं. पुढचं सगळं ते तिच्याशीच बोलले. पंढरी उगाच चहाचे कप उचलायला लागला, तर रूपालीनं ते हातातून काढून घेतले. "दादा, तू बस." बसायचं कुठे, हेच त्याला कळेना.

पाहुणे गेल्यावर तो पूनमला म्हणाला, "परीक्षेचं मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं व्हतं. तुमी मोबाइलवर मॅच पाहून राह्यले व्हते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती भांडी घासायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यामागं शेतात गेला. कापूस वेचता वेचता बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, कंबर धरली.

"आता फवारनी कवा?" त्यानं विचारलं.

"वेचनी चालू हाय. आता कायची फवारनी?" पूनमला हसू आलं. तोही ओशाळून हसला.

जीव काही थाऱ्यावर येईना. दोनदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला, मोबाइल काढला, खिशात घातला. दोन्ही वेळा परत आला आणि कापसाच्या अर्धवट सोडलेल्या ओळीत वाकला.