दुर्बीणकाकू आणि आमचं रायवळाचं झाड

दुर्बीणकाकूंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण ते कोणाला दिसायचं नाही. त्याच्यावर कायम एक काळी, जाडजूड दुर्बीण लोंबकळत असायची. देवळात, हळदीकुंकवाला, वाण्याकडे मीठमिरची आणायला, कुठेही जायचं तरी ती गळ्यात. नवरा बोटीवर होता, त्यानेच ती आणलेली. वाडीतल्या इतर बोटीवाल्यांच्या घरी टेपरेकॉर्डर आले, नायलॉनच्या साड्या आल्या, सेंटच्या बाटल्या आल्या. ह्या बाईने नवऱ्याकडे हट्टाने मागितली ती दुर्बीण. बायका पदराआड हसायच्या. मी हसत नसे. मला ती बाई सहनच होत नसे, आणि त्याला कारण दुर्बीण नव्हती. कारण होती माझी मुलगी.

आमची वाडी सड्याच्या कडेवर. वर सड्याचा सपाट कातळ, खाली समुद्र आणि मध्ये आंब्या-फणसांत दडलेली घरं. काकूंचं घर आणि आमचं घर ह्यांच्यामध्ये चिऱ्यांचा एक गडगा, कमरेएवढा. काकू राजापूर तालुक्यातल्या, अगदी किनाऱ्यावरच्या. भरती-ओहोटी त्यांना पंचांग न बघता कळे. मी संगमेश्वरची, नदीत पोहायला शिकलेली. समुद्र म्हणजे माझ्या लेखी खारट वारा आणि दाराच्या गंजलेल्या कड्या. काकूंना मूलबाळ नव्हतं. मला एकच, सुमा. आणि ही एकुलती एक पोर दर रविवारी सकाळी गडग्यावरून उडी मारून पलीकडे जायची, ती उन्हं डोक्यावर आल्याशिवाय परतायची नाही.

माघ सरत आला, पहाटेचा गारठा गेला आणि मोहोराचा वास घरात शिरायला लागला, की काकूंचे रविवार सुरू होत. पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली, हातात भाकरी-चटणीचं फडकं आणि मागे वाडीतली पोरं. सड्यावरच्या पांगाऱ्याला पान नसायचं, नुसती लाल फुलं, आणि त्यांत साळुंक्यांनी बाजार मांडलेला. तो बघायला त्या पोरांना कातळावर पालथं झोपवत. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाली खडकांत उतरून डबक्यांतले खेकडे दाखवत. फाल्गुनात समुद्र गुळगुळीत झाला की टोकावर बसून गादे बघायचे. त्यांना आता सगळे डॉल्फिन म्हणतात. कोणी पोराने डबक्यात हात घातला रे घातला, की काकूंचा आवाज यायचा, "हात नको, डोळं लाव रे मेल्या!"

हे वाक्य सुमाच्या तोंडात इतकं बसलं की एकदा मी तिला कैऱ्या चिरायला बसवलं, तर म्हणाली, "आई, हात नको, मी डोळे लावते." ह्यांना हसू आवरेना. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवताना तिच्या तोंडात घास कमी आणि काकू जास्त. काकूंनी साद घातली की भारद्वाज उलटून ओरडतो. काकूंना लाटेच्या रंगावरून मासा कळतो. काकूंची थंडगार भाकरी खडकावर बसून किती छान लागते! हे ती आम्हाला कधी सांगायची, तर मी तव्यावरून गरम घावन तिच्या ताटात टाकत असताना.

मी स्वस्थ बसणारी नव्हे. एका रविवारी कंबर कसली, डब्यात साटोऱ्या आणि बटाट्याची भाजी भरली आणि सुमाला म्हटलं, आज माझ्याबरोबर चल. सड्यावर गेलो. मी तिला फुलं दाखवली, झाडं दाखवली, जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, नव्हतं तेही सांगितलं. पोर शहाण्यासारखी ऐकत होती. परत येताना हळूच म्हणाली, "आई, तू फार बोलतेस गो. पक्षी उडून जातात." त्यानंतर मी त्या फंदात पडले नाही. रविवारी ऊन तापलं, की गडग्याच्या वळणापाशी जाऊन उभी राहायची. हातात सूप किंवा वाळत घालायचं लुगडं असायचं, म्हणजे वाट बघत्ये असं कोणाला वाटायला नको. काकू पोरीला आणून सोडत, "घ्या वैनी, आणली हो तुमची लेक," म्हणत. मी नुसती मान हलवून सुमाला आत घेऊन जाई.

पण खरी ठिणगी पडली ती आमच्या झाडावरून. अंगणाच्या समुद्राकडल्या कोपऱ्यात रायवळ आंब्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर काकण पक्ष्याचं, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचं घरटं. लाकडांची मोळी वर अडकवून ठेवावी तसं दिसे. जोडी दर वर्षी त्यावर नव्या काटक्या रचायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते तिथे होतं, आणि माझा त्याच्याशी संबंध एवढाच, की खाली पडलेले काटे आणि हाडकं मी झाडून टाकायची. काकूंनी मात्र आमच्याच अंगणात पाट टाकून बसून सुमाला ते घरटं दाखवलं. झालं! झाड आमचं, अंगण आमचं, घाण काढणारी मी, आणि पोर सगळ्या शाळेत सांगत सुटली, काकूंचा गरुड! काकूंचा म्हणे! त्यांच्या परसात साधा कावळा बसत नव्हता.

एका वर्षी शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या आणि आमच्याकडे फणसाच्या पापडांची घाई सुरू झाली. गरे उकडायचे, कांडायचे, मीठ-मिरची घालून पापड थापायचे आणि चटयांवर वाळत घालायचे. त्या दिवशी माडांची सावली आली म्हणून मी चटया ओढत ओढत कोपऱ्यात नेल्या, त्या झाडाच्या अगदी खाली, जिथे फांद्यांखालून ऊन येत होतं. दुपारी वरून काहीतरी धप्पकन पडलं. जाऊन बघत्ये तर पापडांवर हातभर लांबीचं, पट्ट्यापट्ट्यांचं, डोकं नसलेलं धूड.

आमचं घर असं, की वाटेने माशांची पाटी गेली तरी सासूबाई खिडकी लावून घेत. त्यांनी ओटीवरूनच हंबरडा फोडला, "अगो, मासा पडला! शिव शिव शिव, सगळं विटाळलं!"

गडग्यापलीकडे काकू आल्याच. चार पावलांवरची वस्तू, पण बाईने दुर्बीण लावली. "आजी, मासा नाय तो," त्या म्हणाल्या. "साप हाय. दर्यातला."

सासूबाई पेचात पडल्या. मासा असता तर गोमूत्र शिंपडून मोकळं होता आलं असतं. पण साप म्हणजे नागोबाचं गोत्र, त्याला शिवी कशी द्यायची? फेकायचा की नमस्कार करायचा? शेवटी भटजींना निरोप गेला, सापाला दूधभात दाखवला आणि फणसाच्या मुळाशी त्याला पुरलं. पापड गाईपुढे टाकले, तर तिनेही हुंगून तोंड फिरवलं.

माझा मात्र काही पेच नव्हता. संध्याकाळी हे कचेरीतून आल्याबरोबर मी सांगितलं, ती घरट्याची फांदी तोडून टाका. पापडांचं दुःख होतंच. पण मला दुसरंच दिसत होतं. फांदी गेली की घरटं गेलं, घरटं गेलं की काकूंना आमच्या अंगणात यायचं कारण गेलं. हे म्हणाले, "बरं, उद्या दुपारी गड्याला चढवतो." सुमाने ते ऐकलं आणि गडग्यापलीकडे जाऊन बसली, आमच्या घराकडे पाठ करून. जेवायला बोलावलं तरी आली नाही. काकूंनी तिला हाताला धरून आणून सोडलं, ते पाहून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर काकू एकट्याच आल्या. मी उत्तरं तयारच ठेवली होती. पण त्या वाद घालायला आल्याच नव्हत्या. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली. त्यांचं मंगळसूत्र तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. साधंच होतं, दोन वाट्यांचं, माझ्यासारखंच.

"वैनी, झाड तुमचं हाय. तोडा नायतर ठेवा," दुर्बीण माझ्या गळ्यात घालत त्या म्हणाल्या. "पण एकदा बघा नि मग काय ते करा."

आधी सगळा हिरवा चिखल दिसला. त्यांनी मधलं चाक फिरवलं आणि ती मादी इतकी एकदम समोर आली की मी मागेच सरले. भर उन्हात ती घरट्याच्या कडेवर पंख अर्धवट पसरून उभी होती. चोच उघडी, गळा धपापत होता. तिच्या पंखाच्या सावलीत मळकट पिसांचं एक पिल्लू बसलं होतं. आणि ते पिल्लू तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं! मान उंच करून समुद्राकडे डोळे लावून बसलं होतं.

"कोणाला बघतंय ते?" मी विचारलं.

"बापाला. तो मासा घेवन येतो, टाकतो नि जातो. त्यालाच ओरडून ओरडून हाका मारतं."

"आणि ही दिवसभर अशीच उभी?"

"दिसभर."

"हिला नाही हाक मारत?"

"हिला कशाला हाक मारील?" काकू म्हणाल्या. "ही हायच ना तिथं."

मी बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. एक तर बघत होते, आणि दुसरं म्हणजे काढली असती तर डोळे पुसायची पंचाईत झाली असती.

दुपारी गडी कोयती घेऊन आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. सुमाला म्हटलं, फांदी राहील, पापड उद्यापासून मागच्या अंगणात. पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मी हात पुढे केले होते. ती माझ्या हाताखालून धावत सुटली, गडगा ओलांडला आणि काकूंच्या गळ्यात पडली. फांदी राखली मी, मिठी त्यांना!

तेव्हा कोणी समजू नये की त्या दिवसापासून आम्ही दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झालो. माझ्या पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं. फरक एवढाच पडला, की दुपारी कामं आटोपली की काकू दुर्बीण गडग्यावर ठेवून आत निघून जात. मी कधी मागितली नाही, त्यांनी कधी घ्या म्हटलं नाही. मी इकडेतिकडे बघून ती उचलायची, घरट्यातल्या त्या बाईची चौकशी करायची आणि होती तशी ठेवून द्यायची. पिल्लू उडालं तो दिवस माझा चुकला, कारण तेव्हा दुर्बीण सुमाच्या हातात होती. रविवारचं माझं गडग्याशी उभं राहणंही चालूच राहिलं.

सुमा नववीत गेली त्या वर्षी काकूंच्या नवऱ्याने बोट सोडली आणि पनवेलकडे कुठेतरी नोकरी धरली. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. जाण्याच्या दिवशी काकू सगळ्या वाडीचा निरोप घेत घेत शेवटी आमच्या गडग्याशी आल्या. सुमा त्यांची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडे पुढे निघाली होती. काकूंनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली. मी मनात म्हटलं, हे असं होणारच होतं.

"सुमाला देऊ ना?" मी विचारलं.

"तिला कशाला? तिला सगळं दिसतं. तुम्हाला दिली."

काकूंनी गडग्याच्या चिऱ्यावरून हात फिरवला.

"वैनी, एक सांगू? मला तुमचा लय राग यायचा."

"माझा?"

"तुमचाच. गादे उड्या मारीत असायचे, पोरं नाचत असायची, नि ही उठायची. म्हणायची, चला काकू, आई गडग्याशी उभी असेल. एकदा नाय, दर रविवारी. थांब गो जरा म्हटलं तर नाय म्हणजे नाय. मी एवढा दर्या दाखवला तिला, नि तिचं अर्धं ध्यान इथं." त्या जराशा हसल्या. "माझी वाट बघत कोण कधी असं उभं ऱ्हायलं नाय. आता ती कॉलेजात जाईल, लांबून येईल. ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. लांबचं दिसतं हिच्यातनं."

जपून जा, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. त्या कॅनव्हासचे बूट वाजवत चढणीने निघून गेल्या, मागे वळून न बघता.

गडग्यापाशी उभं राहिलं की सड्यावरचा एसटीचा थांबा दिसतो, पण माणसं मुंगीएवढी. मी दुर्बीण लावली आणि पहिल्यांदाच आपल्या हाताने चाक फिरवलं. धुरळा उडवत गाडी आली, गेली. धुरळा बसला तेव्हा रस्त्यावर सुमा एकटीच होती. थोडी चालली, थांबली, बाहीने डोळे पुसले. पुन्हा चालली, पुन्हा थांबली, पुन्हा पुसले. माझ्यासाठी ती कधी अशी रडली नव्हती. रडेल कशाला? मी होतेच ना इथे. एवढ्या लांबून ते दिसायला नको होतं, पण दुर्बीण फार चांगली होती.

वळणाशी आल्यावर तिने मान वर करून गडग्याकडे पाहिलं, मी उभी दिसले तशी ती भराभर चालायला लागली. मी घाईघाईने दुर्बीण पदराखाली लपवली आणि शेजारी पडलेलं सूप हातात घेतलं.