सहा डिग्रीची भिंत

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी भर दुपारी, माझ्याच वर्कशॉपमध्ये, एका पोरीनं मला झापलं... आणि मी गुमान ऐकून घेतलं.

मी आर्किटेक्ट लोकांची मॉडेल्स बनवतो. कॉलेजची पायरी चढलो नाही. गणपतीच्या मखरांपासून सुरुवात केली, पुढचं सगळं हातानं आणि डोळ्यानं शिकलो. शहरातल्या कितीतरी बिल्डरांच्या ऑफिसात काचेखाली जे टॉवर उभे आहेत, ते माझे. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला चालत नाही.

पण अलीकडं थकवा येतो. तेच पार्किंग, तेच मजले, तीच प्लास्टिकची झाडं...

अधूनमधून नवी आर्किटेक्ट पोरं डिझाइनच्या स्पर्धेचं काम घेऊन येतात. आठवडाभर कुणाच्या तरी ऑफिसात ड्रॉइंग काढायची आणि सुट्टीच्या दिवशी यासाठी राबायचं. देशभरातून लोक भाग घेणार, नंबर एकाचा, आणि जिंकलं तरी ती इमारत बांधली जाईलच असं नाही. हा प्रकार मला कधी कळला नाही.

सुमैया त्यातलीच. शहागंजची, वडिलांचं कापडाचं दुकान. तीन स्पर्धा हरून झाल्या होत्या आणि ‘चाचा, ही शेवटची. नाही लागली तर सोडून देते’ असं म्हणून तिनं ड्रॉइंग दिलं होतं. विषय होता शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनी सुटल्यावर बायकांना थांबायला बसथांबा.

ड्रॉइंगमध्ये बाजूची भिंत तिरकी होती. मोजली... सहा डिग्री! तीस असती, पंचेचाळीस असती तर समजलो असतो. सहा हा काय कोन झाला? कॉम्प्युटरवर रेघ काढताना हात हलला असणार, नव्या पोरांचं होतं असं. मी भिंत काटकोनात घेतली आणि अ‍ॅक्रेलिक जोडून टाकलं. चूक सुधारून दिली म्हणून मनातल्या मनात खूशही झालो.

त्या शुक्रवारी ती फोटो काढायला आली. संध्याकाळी सहाच्या आत एन्ट्री पाठवायची होती. मॉडेलकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

“चाचा, ये क्या कर के रखे आप?”

“बेटा, भिंत तिरकी गेली होती तुझी. सरळ केली.”

“तिरकी गेली नव्हती, मी केली होती! विचारायचं तरी होतं ना एकदा!”

तिनं मला टेबलापाशी वाकायला लावलं. बाकावर मी बसवलेली कागदाची बाई होती, तिच्या डोळ्याच्या उंचीवरून बघायला सांगितलं. बघितलं... समोर नुसती भिंत.

“आता हिला बस दिसती का? ट्रकांच्या धुळीसाठी भिंत तर पाहिजेच. पण सरळ ठेवली तर दर दोन मिनिटाला लेकरू काखेत घेऊन रोडवर जाऊन बघावं लागतं. मी चार संध्याकाळ तिथं बसून बघितलंय. सहा डिग्री फिरवली की बसल्या जागी दिसती. माझ्या डिझाइनमध्ये दुसरं आहेच काय, चाचा?”

मी पुन्हा एकदा वाकून बघितलं. पोरीचं खरं होतं.

अ‍ॅक्रेलिक एकदा जोडलं की सुटत नाही, ते तोडावंच लागतं. लेझर कटिंगवाला शुक्रवारी बंद. घड्याळात तीन. स्वतःचं काम मी आजवर कधी तोडलं नव्हतं... तोडलं. नवी भिंत हातानं कापली, कानशीनं घासली, सहा डिग्रीत बसवली. पावणेसहाला तिनं एन्ट्री पाठवली आणि माझ्याच स्टुलावर मटकन बसली.

मग मी विचारलंच, “कशासाठी करता गं हे सगळं?”

“ऑफिसात दिवसभर फ्लॅट किती बसतील ते मोजते, चाचा. बाई कुठं बसंल, तिला काय दिसंल, हे तिथं कोण विचारतंय? इथं विचारता येतं, बस.”

काल निकाल लागला. नंबर नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. वाईट मलाच जास्त वाटलं. आता ही सोडणार म्हणून समजूत घालायला फोन केला, तर बाईसाहेब साइटवरून ओरडून बोलत होत्या. दिवाळीनंतर आणखी एक स्पर्धा आहे म्हणे... ‘ड्रॉइंग पाठवते, और इस बार अपनी अक्कल मत लगाना!’

हो म्हणालो. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, पाठ दुखते, तरी हो म्हणालो.

इतक्या वर्षांत एकाही आर्किटेक्टनं मला भिंत तिथं का आहे ते सांगितलं नव्हतं. या पोरीनं सांगितलं, तिचे आभार. आणि खरं लिहायचं तर... मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.