जोर लावायचा न्हाय

त्या सुयावाल्याला माझ्या ओटीवर बसवला तो मीच. चहा पण मीच पाजला. हे आधी सांगून टाकते, मग बाकीच्यांना शिव्या देते.

थळच्या आमच्या कोळीवाड्यात बाळ जन्मलं की तेल लावून न्हाऊ घालायला माझ्या शेजारच्या शकूलाच बोलावतात. तीस वर्षं झाली. हात दणकट, आणि तोंड तर विचारूच नका, कुणाला उत्तर द्यायला कधी मागं राहिली न्हाय. तिच्या पोराला, परेशला, पोरगी झाली, अमिषा. जन्मली तेव्हा रडलीच न्हाय. वर्षभरानं कळलं, सेरेब्रल पाल्सी. पाय लाकडासारखे ताठ, एकमेकांवर चढलेले.

शकूनं काय केलं? सगळ्या पोरांना करते तेच. मांडी दाबून पाय खेचले. पोरगी किंचाळायची, पाय आणखी आवळायचे, ही आणखी खेचायची. शेवटी अलिबागच्या फिजिओथेरपीवाल्या ताईनं तिचा हात धरला. "मावशी, जोर लावला की पाय जास्तच आखडतो. कोमट हात ठेवून थांबा. तो सैल सोडेल तेव्हाच वाकवा." तीस वर्षांची सवय मोडून शकू नव्यानं शिकली. सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास, पाच वर्षं. आणि यंदाच्या शिमग्याला अमिषा भिंतीला न टेकता एकटी बसली! शाळेतले गुरुजी म्हणाले, "अशी बाकावर बसत असेल तर पाऊस ओसरला की पाठवा पहिलीत." त्याच दिवशी दप्तर आलं. पोरगी ते उशाशी घेऊन झोपायची.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्याला लागल्या, परेश घरी बसला, आणि तेव्हाच हा ॲक्युपंक्चरवाला उपटला. सुयांशी माझं वैर न्हाय. त्या टोचल्या की पोरीला शांत झोप लागायची, मी बघितलंय. ताई पण म्हणाली, करायचं तर करा, पण मालीश आणि व्यायाम सोडू नका. हा मेला म्हणतो कसा, "मालीश बंद! माझं काम बिघडतं. नारळी पुनवेला पोरगी चालेल." परेश हुरळला. यंदा दर्याचा नारळ माझी अमिषा चालत नेणार, असं वाडाभर सांगत सुटला. आयशीला बजावलं, "आये, तू तेलाला हात लावायचा न्हाय."

शकूनं माझ्याकडं बघितलं. वाटलं असेल, नीरा तरी काही बोलेल. मी म्हटलं, "अगो, शिकलेला माणूस हाय, बघू तरी." तेव्हाच जीभ झडायला हवी होती माझी.

पुनवेला अख्खा वाडा किनाऱ्यावर. बोटी नटलेल्या, बेंजो वाजतोय, सोनेरी कागद लावलेला नारळ तयार. सुयावाला मोबाइल घेऊन शूटिंगला पुढं. परेशनं अमिषाला वाळूत उभी केली आणि हात सोडले. पाय पुन्हा एकमेकांवर चढले. पोरगी तोंडावर आपटली.

सुयावाल्यानं मोबाइल खिशात घातला. म्हणतो, "घरच्यांचा विश्वास कमी पडला." अरे मुडद्या! पाच वर्षं पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसली तिचा विश्वास कमी? एसटी स्टँडपर्यंत बोंबलत गेले मी त्याच्या मागं.

परत आले तर शकू वाळूत बसलेली. अमिषाला पुढ्यात बसवायची, हात काढायची, पोरगी कलंडायची. पुन्हा बसवली. पुन्हा कलंडली. दोन महिन्यांत पाच वर्षं गेली.

"परश्या, हितं बस. हात दे," शकू म्हणाली.

जाळी ओढणारे हात त्याचे. त्यानं पाय धरला आणि खेचला. शकूनं फाडकन त्याच्या हातावर मारली. "जोर लावायचा न्हाय! हात ठेव आणि थांब. उद्यापासून रोज तू बसायचं माझ्या बाजूला."

तो थांबला. बराच वेळ. मग त्याच्या हाताखाली पाय थोडा सैल झाला, आणि एवढा मोठा बाप्या लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याची दया आली न्हाय. स्वतःचीही न्हाय.

अमिषाच्या गालाला वाळू तशीच होती. अडखळत तिनं विचारलं, "आजी, आता शाळेत... कधी जायचं?"

शकूनं तिच्या गालाची वाळू पुसली, तिला पुन्हा पुढ्यात बसवली, आणि या वेळी हात काढले न्हाईत.