वहिनीचा टांगता तंबू

आमची वहिनी तंबूच्या कारखान्यात शिवणकाम करते, लग्नाआधीपासून. लोक तिच्या तंबूंत राहून डोंगर बघतात, नदीकाठी झोपतात, भांडतात, रुसतात. वहिनी मात्र संध्याकाळच्या बसने घरी येते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पंख्याखाली झोपते. याचं तिला काही वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "भावजी, चपला शिवणाऱ्यानं काय जगभर चालत सुटायचं?"

या शरदात मात्र तिने कारखान्यातून एक तंबू मागून आणला. रंग बसला नाही म्हणून बाजूला टाकलेला. धड हिरवाही नाही आणि धड पिवळाही नाही. कारण होतं बाबांचे दगड.

बाबांनी उतारवयात शहरापासून दूर एक रानटी जमीन घेतली होती. टेकाड, काटेरी झुडपं, कमरेएवढं गवत. घरात तिला कोणी जमीन म्हणत नसे, बाबांचे दगडच म्हणत. ते गेल्यावर मी आणि दादा एकदा तिथे गेलो, रस्त्यावर उभे राहून टेकाडाकडे पाहिलं आणि परत आलो. मेलेल्या माणसाच्या हौसेपुढे फार वेळ उभं राहवत नाही. आता शेजारच्या खाणीच्या मालकाला, म्हणजे खडीवाल्याला, ती हवी होती. रविवारी सकाळी तो उत्तर घ्यायला तिथेच येणार होता, आणि दादाचा होकार जवळजवळ तयार होता.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "जिथे वर जायला काही नाही आणि खाली यायला काही नाही, तिथे माणसानं करायचं काय?"

"अहो, न बघता कोणी देऊन टाकतं का? वांगं घेताना चार वेळा उलटंपालटं करता."

"घेताना करतो. देताना कोण करतं?"

"मी करते. शनिवारी जाऊ, एक रात्र राहू. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी मध्ये पडणार नाही."

तिला ती जमीन का हवी होती हे मला ठाऊक होतं. माझी पुतणी, आमची भिंगरी, दहा वर्षांची आहे आणि एका जागी बसणं तिच्या रक्तात नाही. ती धावली की खालच्या मजल्यावरचे म्हातारबाबा काठीने छत ठोकतात. घरात दिवसभर एकच शब्द, "हळू!" वहिनी मला म्हणाली होती, "पोरगी हसतेसुद्धा दबक्या आवाजात, भावजी. तिला एकदा तरी पोटभर ओरडता आलं पाहिजे, अशी एक जागा असू दे."

शनिवारी दुपारी दादाच्या कामाच्या व्हॅनमधून आम्ही चौघे पोचलो. मी आणि वहिनीने सपाट जागा बघून तंबू पसरला. दादा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"दांडे कुठायत?" त्याने विचारलं.

"कसले दांडे?"

"अगं, तंबूचे!"

तिच्या कारखान्यात तंबू शिवून झाला की तो दांड्यांवर उभा करत नाहीत, छताच्या आकड्यांना टांगतात. बाहेरून मोठा दिवा लावतात, मग वहिनी आत शिरते आणि शिवणीतून कुठे उजेड झिरपतोय का ते बघते. दांड्यांचं खातं निराळं, पलीकडच्या शेडमध्ये. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही तंबू जमिनीवर उभा राहिलेला नव्हता. तिने सवयीने वर पाहिलं. वर आभाळ होतं, आणि आभाळाला आकडे नव्हते.

दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "भटारखान्यातला आचारी घरी जेवायला बसला आणि ताट कुठे असतं ते विसरला! चला, गुंडाळा. अंधारापर्यंत घरी पोचू."

वहिनीने मध्ये पडणार नाही असं कबूल केलं होतं ना. ती गुडघ्यांवर बसून कापड दुमडू लागली. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं. खडीवाल्याला उद्या फोनवरच उत्तर मिळणार.

पण दादाचा स्वभाव असा की लोंबकळणारी वस्तू दिसली की त्याच्याच्याने राहवत नाही.

"टांगतात म्हणजे कशाला टांगतात?" त्याने विचारलं.

"वर चार कड्या आहेत. ही बघा."

त्याने कडी ओढून पाहिली. "शिवण पक्की आहे."

"माझी आहे."

"मग आडवी फांदी पाहिजे. जाड, आणि ओझं सरळ खाली उतरेल अशी. व्हॅनमध्ये दोर आहे, कप्प्या आहेत. चला."

एका फांदीसाठी आम्ही ती जमीन पालथी घातली. पहिलं झाड फार उंच. दुसऱ्याच्या फांदीला दादा स्वतः लोंबकळला, आणि फांदीसकट गवतात आला. तिसऱ्यावर मुंग्यांचं राज्य. भिंगरी पुढे, मागे दादा, त्याच्या मागे काटे सोडवत वहिनी, आणि शेवटी तंबू डोक्यावर घेऊन मी हमाल. उतारावरची पानं तांबडी झाली होती, वारा आला की गळत होती, घाई नसल्यासारखी. टेकाड ओलांडलं तर पलीकडे ओढा. रस्त्यावरून तो दिसतच नाही. पाणी इतकं नितळ की तळचे गोटे मोजावेत.

भिंगरी ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज. समोरच्या कड्याने तो परत पाठवला.

"हळू!" दादा सवयीने खेकसला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. ऐकायला कोणीच नव्हतं. थोड्या वेळाने त्याने घसा साफ केला आणि स्वतःच हाक मारून पाहिली. वहिनी पाठ फिरवून हसली.

ओढ्याच्या वळणावर ते झाड सापडलं. फांदी अशी की सुताराने रंधा मारून ठेवली असावी. दादाने कप्प्या लावल्या, दोर ओढला आणि आमचा हिरवा-पिवळा तंबू हळूहळू वर निघाला.

"तळमजला!" भिंगरी ओरडली. "पहिला मजला! दरवाजा बंद करा!"

जेवण म्हणजे पाव आणि निखाऱ्यात भाजलेले बटाटे, बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. वहिनी मात्र आधी तंबूत शिरली. मावळतीचं ऊन कापडावर पडलं होतं. ती शिवणीवरून बोट फिरवत राहिली, आणि कारखान्यात कधी बसत नाही तशी आत मांडी घालून बसली. तिथे मागून दुसरा तंबू यायचा नव्हता.

सकाळी खडीवाला आला. रस्त्यावरून हाका मारून दमला, मग टेकाड चढून धापा टाकत पोचला. दादा फांदीवर बसून गाठ आवळत होता.

"मग? काय ठरलं?"

"जरा तो दोर धरा," दादा वरून म्हणाला.

त्याने धरला. "मी उत्तर घ्यायला आलोय."

"सोडू नका, आत पोरगी झोपलीय. तुम्ही हा ओढा बघितला होता?"

"ओढ्याचं काय! भराव टाकला की झालं."

"आणि हे झाड?"

"झाडाखाली तर खरा माल आहे. काळा, घट्ट दगड."

दादा खाली उतरला. खडीवाल्याच्या हातातून दोर घेतला, बुंध्याला बांधला, ओढून बघितला.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"देत नाही. अजून अर्धी जागा बघायची राहिलीय."

खडीवाला वहिनीकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा यांना काही."

वहिनी अंडं सोलत होती. तिच्या हातातलं टरफल थांबलं होतं. "त्यांचं ते बघतील," ती म्हणाली. "चहा घेता का?"

त्याने चहा घेतला नाही. तो टेकाडापलीकडे दिसेनासा झाला. मग वहिनी उठली, तंबूभोवती एक फेरी मारून आली, मान तिरकी करून उभी राहिली.

"अहो, हा तिरका टांगलाय."

"तिरका? माझी एक लिफ्ट दाखव तिरकी!"

"लिफ्टचं मला माहीत नाही. तंबू तिरका आहे."

भिंगरीला उठवून बाहेर काढलं आणि तंबू खाली घेतला. चारही दोर सोडले. मग दोघं भांडत भांडत तो पुन्हा वर चढवू लागले. दुपार कलली तरी घरी निघायचं कोणी नावच काढलं नाही.