तक्रारीपुरता मेलेला कारागीर

एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. दोन हजार सहाशे पन्नास रुपयांचा एक पट्टा डावऱ्यापुढे येऊन पडला आणि त्याच दुपारी त्याला कळले की आपण मेलेलो आहोत.

पट्टा घेऊन आली होती जमीन मोजणाऱ्या खात्यातली एक बाई. दिवसभर उन्हात हिंडणे, कमरेला टेप, हातोडी, खिळ्यांची पिशवी. त्यामुळे पट्टा तिला मिरवायला नव्हे, ओझे पेलायला लागायचा. तिच्याजवळ दोन होते. एक वडिलांचा, अठरा वर्षांचा, काळवंडलेला पण धडधाकट. दुसरा चार महिन्यांचा, बक्कलापाशी पोपडे निघून फाटलेला. दोन्हींवर ठसा एकच.

"बक्कलवाल्याने तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "हाताने पट्टा करणारा चांगला माणूस दोन महिने शोधतेय. ज्यांनी हे केले ते वारले."

डावऱ्याने जुना पट्टा उजेडात धरला. दोन सुया, एक दोरा, हाताची शिवण, आणि प्रत्येक टाका डावीकडे कललेला. डाव्या हाताने शिवणारा त्या बाजारात एकच होता. टोपणनावही त्यावरूनच पडले होते. मग त्याने नवा पट्टा नखाने खरवडला. चामड्याचा चुरा दाबून केलेला पुठ्ठा, वर रंग. शिवण मशीनची.

"वारले असं कोण म्हणालं?"

"दुकानदारच. विकताना म्हणाला, मास्तर आत काम करतायत, गरम गरम माल आहे. फाटल्यावर हे कार्ड घेऊन गेले तर म्हणाला, मास्तर गेले हो! डोळे काय पुसले! मीच त्याला पाणी दिलं."

कार्डावर छापले होते : कारागीर हयात असेपर्यंत शिवण मोफत. ही ओळ डावऱ्याचीच. आणि दुकानदार म्हणजे त्याचा साडू. दोघांनी मिळून दुकान काढले होते. एकाचा हात, दुसऱ्याचे तोंड. नऊ वर्षांपूर्वी साडूने चुऱ्याचा माल आणला, तेव्हा डावरा आपली टोचायची आरी आणि चामडे कापायची रापी उचलून बाहेर पडला आणि तीन गल्ल्या पलीकडे जिन्याखालच्या खोलीत बसला. ठसा तेवढा साडूने सोडला नाही. "दुकानाची वस्तू आहे," म्हणाला. आपल्या ठशाखाली पुठ्ठा विकला जातोय, हे त्याला आज कळत होते.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितले. तिने कणकेचा हात तसाच कमरेवर ठेवला.

"म्हणजे मी विधवा झाले आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही? सख्ख्या बहिणीने? आत्ता जाते आणि त्याच्या झिंज्या उपटते."

"टकला आहे तो."

"मग कान आहेत ना?"

"थांब जरा. मेलेल्या माणसाला कसली घाई? मला ठसा हवाय. आणि तो त्याने स्वतःच्या पायाने आणून द्यायला हवा."

दुसऱ्या दिवशी डावरा बक्कलवाल्याकडे गेला. फाटका पट्टा घेऊन माणूस आधी बक्कलवाल्याकडेच येतो, पट्टा गेला तरी बक्कल कामाला येते म्हणून. "कार्डवाला कुणीही आला की माझ्याकडे पाठव," एवढेच डावऱ्याने सांगितले. पाच आठवड्यांत त्रेसष्ट माणसे जिन्याखाली येऊन गेली. प्रत्येकाला त्याने चहा पाजला आणि एकच शनिवार, एकच वेळ सांगितली.

त्या शनिवारी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यात हातात कार्ड घेतलेली चाळीसेक माणसे शिरली. पुढे मोजणीवाली बाई. गल्ल्यावर डावऱ्याची मेहुणी, काउंटरवर साडू.

"माझी शिवण करून द्या," बाई म्हणाली.

"ताई, मागेच सांगितलं ना? मास्तर गेले."

"कुठे गेलो?" डावऱ्याने मागून विचारले. "पत्ता तरी दे साडूभाऊ, मलाही जाऊन बघायचंय."

मेहुणीच्या हातातली नाणी गल्ल्यात घरंगळली. साडूने हातातला पट्टा काउंटरखाली सरकवला. "अरे वा! किती... किती दिवसांनी!"

"वरून सुट्टी मिळत नाही रे."

दुकान हसले. मग हसणे थांबले आणि माणसे आपापला पट्टा नखाने खरवडून पाहू लागली. ज्यांनी नुकता विकत घेतला होता तीही.

साडू खालच्या आवाजात म्हणाला, "आत चल, पैसे परत करतो सगळ्यांचे."

"पैसे कशाला? कार्डावर शिवण लिहिलीय. करून दे."

पुठ्ठ्याला टाका धरत नाही, हे साडूला पक्के ठाऊक होते. म्हणजे प्रत्येक पट्टा खऱ्या चामड्यात नव्याने करून देणे आले, आणि तो करणारा हात समोर उभा होता.

"माझ्या अटी तीन," डावरा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "आधी ठसा. आणि पट्टे तू स्वतः घेऊन यायचे, नोकर पाठवायचा नाही. माझा दर तू द्यायचा."

सोमवारी साडू ठसा घेऊन आला. डावऱ्याने तो पुसला, खिशात टाकला आणि म्हणाला, "बाहेर रांग आहे, शेवटी उभा राहा." बायकोने बसायला स्टूलही दिले नाही. पट्टे परत नेताना प्रत्येक वेळी, रांगेतल्यांच्या देखत, त्याला एक वाक्य म्हणावे लागे : कारागीर जिवंत आहे.

"जरा मोठ्याने," बायको आतून म्हणायची. "मला ऐकू आलं नाही."

फेब्रुवारीत मेहुणी आली. "दाजी, आता पुरे करा. दुकान बसलं आमचं. बाजारात तोंड दाखवायला जागा नाही."

"तुझ्या नवऱ्याने मला नऊ वर्षं मारून ठेवलं. मी त्याचे दोनच महिने घेतलेत."

"ताई, तू तरी सांग."

ताईने दाराची कडी काढून धरली. "जाताना जिना सांभाळ," एवढेच म्हणाली.

मार्चअखेर दुकानाचे शटर खाली आले. शेवटच्या गाठोड्यात अकरा पट्टे होते. साडूने नोटा मोजल्या, खिसे चाचपले, आणि उरलेले उद्या आणून देतो म्हणाला. डावऱ्याने पट्टे दिले; गिऱ्हाइकांचे होते.

त्या हिशोबातले साठ रुपये अजून यायचे आहेत.